चकतीचं पाणी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी भाजलेल्या जखमेवर ठेवायच्या हायड्रोजेलच्या चकत्या करत होते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, म्हणजे आमच्या भाषेत पीव्हीए आणि पीव्हीपी, पाण्यात विरघळवायचं, थोडं आम्ल आणि ग्लुटराल्डिहाइड घालून साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी पारदर्शक, लवचीक चकती सुटून यायची. पाण्यात फुगायची, पण विरघळायची नाही.

सर चकती हातातही घेत नसत. “पाणी दाखव,” म्हणत. चकती ३७ अंशांवर भिजवलेलं पाणी दिसायला अगदी नितळ. त्यात सायट्रिक आम्ल आणि आयोडीन घातलं की लालसर तपकिरी रंग चढायचा. साध्या पाण्यात नुसता फिका पिवळा. तो लालसर रंग ही पीव्हीपीची खूण. उरलेलं पाणी काचेच्या बशीत आटवलं की तळाशी चकचकीत पापुद्रा धरायचा आणि ओल्या बोटाला चिकटायचा.

ग्लुटराल्डिहाइड पीव्हीएच्या हायड्रॉक्सिल गटांना धरून साखळ्या एकमेकींना जोडतं. पीव्हीपीवर हे गटच नसतात, त्यामुळे ते जाळ्यात नुसतं अडकून राहतं. कोरड्या चकतीत ते हलत नाही. पाणी शिरलं की जाळं फुगतं, हायड्रोजन बंध पाण्याशी जुळतात आणि गुंत्यातून दोरा सुटावा तशी एकेक साखळी सरकत बाहेर पडते. आखूड साखळ्या आधी निसटतात. म्हणून के-३० प्रतीचं पीव्हीपी लांब साखळ्यांच्या के-९० पेक्षा लवकर पाण्यात उतरतं. पीव्हीएच्याही ज्या साखळ्यांना एकही जोड मिळालेला नसतो, त्या याच वाटेनं जातात.

गॅमा किरणांनी पीव्हीपीसुद्धा जोडलं जातं. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी १९८०च्या दशकात याच पद्धतीनं पीव्हीपीचं ड्रेसिंग घडवलं. जोडणी आणि निर्जंतुकीकरण एकाच वेळी. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही किरणांनी पीव्हीएचं हायड्रोजेल तयार केलं. तरीही काही साखळ्या सुट्या राहतातच.

आता माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी आधी पाणीच मागते. चकती सुकवून तोलायची, पाणी बदलत वजन स्थिर होईपर्यंत धुवायची, पुन्हा सुकवून तोलायची. जे वजन घटलं, ते रुग्णाच्या उघड्या जखमेत उतरलं असतं. तो आकडा अहवालात असलाच पाहिजे, आणि तो कमी करण्यासाठी चकती आधीच धुऊन द्यायला हवी.