तिनं म्हणायचं कसं?

आमच्या घाटकोपरच्या रमाबाई नगरात भिंतीला भिंत लागून. पलीकडं भांडं पडलं तरी अलीकडं कळतं. बाई मार खाते ते तर सगळ्या गल्लीला कळतं. नवरा-बायकोचं हाय, म्हणून सगळे गप्प.

शेजारच्या वहिनीचा नवरा ट्रकवर. पंधरा दिवसांनी यायचा, पिऊन यायचा. ती नको म्हणाली की पट्टा. मी म्हटलं, निरोध वापरा म्हणून सांग त्याला. ती हसली. "तसं म्हटलं तर म्हणंल, तुझंच कुठं लफडं हाय. मग वाचते का मी?"

पोटुशी असताना तिचं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. तपासणी तिची झाली म्हणून रोगही तिचाच ठरला. नवऱ्याचं रक्त कुणी बघितलं नाही. सरकारी गोळ्या ती तांदळाच्या डब्यात लपवायची. सासूला सापडल्या, तिला बाहेर काढली. ती मुलुंडला भावाकडं गेली. गोळ्या सोडल्या नाहीत. पोर निगेटिव्ह आहे.

एड्स म्हटलं की आपली माणसंही कामाठीपुऱ्याकडं बोट दाखवतात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या २८,१३९ विवाहित बायांची माहिती संशोधकांनी तपासली, २००८ साली छापली. नवऱ्याची मारहाण आणि शरीराची जबरदस्ती दोन्ही सोसलेल्यांत हजारी सात जणींना लागण. काहीच न सोसलेल्यांत हजारी दोन. बाकीच्या गोष्टी जमेस धरून लागणीचं प्रमाण जवळजवळ चौपट. नुसत्या मारहाणीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे बघायचं ते रात्रीच्या जबरदस्तीकडं. तिथं जखमा होतात, आणि तिथंच बाईला नको म्हणता येत नाही.

कायदा? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ आहे. पण २०२४ ला आलेल्या नव्या न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या बायकोवरची जबरदस्ती बलात्कार धरलेली नाही. बाबासाहेबांनी १९४२ ला नागपुरात बायांना सांगितलं होतं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीची व्हा, गुलाम होऊ नका. तो फोटो आपण घराघरात लावतो. त्याच फोटोखाली पट्टा निघतो.

मागं बैठकीत हा विषय काढला. एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, घरातलं चव्हाट्यावर नको. समाजाची बदनामी होते." हा भाऊ १४ एप्रिलच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं. त्याची बायको गरोदर आहे. मी म्हटलं, तपासणीला दोघंही जा. ती जाऊन आली. तो अजून गेलेला नाही.