आपल्या बायांच्या कातडीची किंमत किती?

१९९८ साली कोलकात्यात अनुराधा साहा यांच्या अंगावर पुरळ आलं. डेपो-मेड्रॉल या स्टिरॉइडची इंजेक्शनं प्रमाणाबाहेर दिली गेली. कातडी सोलून निघाली, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पती डॉ. कुणाल साहा अमेरिकेतले डॉक्टर. ते पंधरा वर्षं लढले. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ कोटी ९६ लाख रुपये आणि व्याज मंजूर केलं.

निकाल योग्यच होता. पण त्यातली बहुतेक रक्कम अनुराधा यांनी पुढे अमेरिकेत जे कमावलं असतं त्या हिशोबाने आली. मग दौंडजवळ रोजंदारीने खुरपायला जाणाऱ्या बाईचा हिशोब कसा होणार? मत सगळ्यांचं सारखं, माणसाचं मूल्य मात्र वेगळं, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच संविधान सभेत दाखवली होती.

हे पुस्तकी बोलणं नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंना फिटसाठी खाजगी दवाखान्यात नवी गोळी सुरू झाली. पुरळ उठलं तरी "उष्णता आहे, गोळी चालू ठेवा" म्हणून सांगितलं. आठवड्यात तोंड आतून सोललं, डोळे चिकटले. पुण्यात निदान झालं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. जीव वाचला, उजव्या डोळ्याने धूसर दिसतं. मी मेडिकलची पावती विचारली. "दादा, पावती कोण देतं आपल्याला?" पावती देणं दुकानदारावर बंधनकारक आहे, पण वस्तीतलं गिऱ्हाईक पावती मागत नाही हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आली खरी. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाबाबत धोक्याची सूचना डॉक्टरला रीतसर दिली होती असं दाखवलं की सूचना न दिल्याच्या आरोपातून कंपनी सुटू शकते. आणि जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्यातला रुग्ण १९९५ च्या शांता निकालानुसार ग्राहकच नाही! म्हणजे सर्वांत गरीब माणूसच ग्राहक आयोगाच्या दाराबाहेर. त्याने दिवाणी किंवा उच्च न्यायालय गाठायचं.

ताईंनी फी दिली होती, त्यामुळे त्यांना आयोगाचं दार उघडं आहे. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातींत येतात. शिरूर-दौंडच्या किती कार्यकर्त्यांनी हा अर्ज कधी भरून दिला आहे? जयंतीची वर्गणी मात्र आपण घरोघर फिरून गोळा करतो.

पुण्याच्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज देऊन ताईंचे कागद मागितले. ७२ तासांत द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. गोळीचा पुरावा मात्र मुलाच्या मोबाइलमध्ये सापडला. गोळ्या आणायला पाठवताना त्याला चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता, आणि पैसे त्याने फोन-पेवर दिले होते. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम सगळं आहे. मुदतीतले नऊ महिने उरलेत.