लेंडीओढ्याच्या काठी

जर्मनीतल्या एसेन स्टेशनाखालच्या बोगद्यातून १०७ नंबरची ट्रॅम बाहेर पडली, की विटांची बसकी घरं सुरू होतात. त्सोलफेराइनच्या थांब्यावर उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. समोर ५५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा होता. हा इथल्या कोळसा खाणीचा शाफ्ट क्रमांक १२. १९३२ साली तो सुरू झाला तेव्हा दिवसाला १२ हजार टन कोळसा वर काढायची त्याची ताकद होती. २३ डिसेंबर १९८६ला, नाताळच्या तोंडावर, तो थांबला.

वाटाड्या म्हणून एक निवृत्त खाणकामगार आला. ‘ग्ल्यूक आउफ’ म्हणाला. खाणीत उतरणाऱ्याने सुखरूप वर यावं, म्हणून इथली माणसं एकमेकांना असंच अभिवादन करतात. कोळसा धुण्याच्या इमारतीत यंत्रांचा इतका गोंगाट असे, की बोलणं हाताच्या खुणांनीच चाले, असं त्याने सांगितलं. तिथे २०१०पासून रूर संग्रहालय आहे. केशरी उजेडाच्या सरकत्या जिन्यावरून शाळेची मुलं वर चालली होती.

हे सगळं भंगारात गेलं नाही, कारण खाण बंद होताच नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने ती जागाच विकत घेतली आणि शाफ्टला वारशाचा दर्जा दिला. पुढे २००१ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. जमीन घेण्याची ही पद्धत त्याआधीचीच. १९७९ साली राज्याने रूरसाठी, म्हणजे कोळसा-पोलादाच्या या सगळ्या पट्ट्यासाठी, खास भूखंड निधी काढला होता. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी सरकारने घ्यायच्या, विषारी माती साफ करायची आणि मगच पुढचं ठरवायचं.

लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे ऐकताना स्वस्थ बसवत नाही. मुंबईत १९९१च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन वाटण्यांत विभागणी केली होती: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. गिरणगावाच्या हाती काय लागलं, ते परळच्या पुलावरून दिसतं.

दुसऱ्या दिवशी ड्युइसबुर्ग. माइडेरिखचा पोलाद कारखाना १९८५ साली बंद झाला. तो पाडायचं चाललं होतं, पण गावकरी आडवे आले. लँडस्केप आर्किटेक्ट पीटर लाट्झ यांनी झोतभट्ट्या होत्या तशाच उभ्या ठेवून भोवती १८० हेक्टरांचं उद्यान रचलं. १९९४ला ते खुलं झालं. गॅसच्या टाकीत पाणी भरून तिथे पाणबुडे शिकतात. खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात. पाचव्या भट्टीच्या माथ्यावर चढायला तिकीट नाही. मी वर पोहोचलो तेव्हा एक आजोबा नातवाला हाताने दूरच्या चिमण्या दाखवत होते. तिकडे अजून पोलाद बनतं. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत ‘एम्शर पार्क’ नावाच्या सरकारी उपक्रमाने सुमारे १२० प्रकल्प उभे केले, त्यांतलाच हा एक.

पण पैसा दुसऱ्या वाटेनेही गेला. बोखुममध्ये नोकियाला राज्य आणि केंद्र सरकारने मिळून सुमारे ८ कोटी ८० लाख युरोंचं अनुदान दिलं. २००८ साली कंपनीने तो कारखाना बंद करून काम रोमानियातल्या क्लुजला नेलं. सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या. राज्याने पैसे परत मागितले आणि अखेर दोन कोटींवर तडजोड झाली. त्याच शहरात १९६५ साली रूर विद्यापीठ उघडलं होतं. तोवर या लाखो कामगारांच्या पट्ट्यात विद्यापीठच नव्हतं. ओपेलचा कारखाना २०१४ला बंद झाला, तेव्हा त्याच्या जागेवर संशोधनाच्या इमारती आणायला हे विद्यापीठ शेजारी होतं. कंपनीला दिलेलं अनुदान कंपनीबरोबर निघून जातं. जमिनीत आणि शाळेत घातलेला पैसा गावातच राहतो. माझा हा समज या प्रवासात पक्का झाला.

तरी गेल्सेनकिर्शेनमध्ये उतरलं की बंद दुकानांच्या काचा दिसतात. जर्मनीत सर्वाधिक बेरोजगारी असलेल्या शहरांत त्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. संग्रहालयातल्या नोकऱ्या खाणीतल्या नोकऱ्यांची जागा भरून काढत नाहीत, आणि सरकारी पैशाच्या बाजूने बोलणाऱ्याने हे लपवू नये.

शेवटचा दिवस बोट्रॉपचा. रूरमधली शेवटची कोळसा खाण, प्रोस्पर-हानिएल, इथेच २१ डिसेंबर २०१८ला बंद झाली. खालचा कोळसा काढल्यामुळे इथली जमीन खचली. काही ठिकाणी तर वीस मीटरांहून अधिक. पंप कायम चालू ठेवले नाहीत, तर वस्त्याच पाण्याखाली जातील. या खर्चाला जर्मन भाषेत ‘अनंतकाळाचा खर्च’ म्हणतात. त्यातल्या मोठ्या भागासाठी २००७ साली वेगळा न्यास स्थापन केला.

जमीन खचत असल्यामुळे भूमिगत गटारं फुटत. म्हणून शंभर वर्षं एम्शर नदी आणि तिचे ओढे काँक्रीटच्या उघड्या पाटांतून सांडपाणी वाहत राहिले. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘क्योटेलबेके’, अगदी शब्दशः लेंडीओढा. आपल्याकडच्या कित्येक गावांतल्या लेंडी नाल्याचंच नाव! हे उघडे पाट बदलायला सुमारे साडेपाच अब्ज युरो आणि तीस वर्षं लागली. शहरांची आणि उद्योगांची वर्गणी, राज्याचा आणि युरोपचा निधी, बँकेची कर्जं असं सगळं त्यात पडलं. ५१ किलोमीटरांची मुख्य वाहिनी जमिनीत खोल टाकली, आणि २०२१च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून सुटली.

बोये या ओढ्याच्या काठी एक बाई भेटल्या. लहानपणी ओढ्याच्या कुंपणापाशी दिसलं तरी घरी मार बसायचा, म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा नातू बुटांसकट पाण्यात उतरला. त्यांनी त्याला हाक मारली, पण बाहेर ये म्हणून नाही. बूट काढून ठेव, एवढंच म्हणाल्या.