चार बोटांची फट

नावेचे सुकाणू आम्ही कधी धरले नाही. बालाघाटाच्या कुशीत वाढलेल्या आमच्या हाती आले ते ट्रॅक्टरचे स्टिअरिंग. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आमचा ट्रॅक्टरही २ ट्रॉल्या जोडून त्यांच्यासोबत निघे. एका वर्षी निघण्याच्या तोंडावर ध्यानात आले, की स्टिअरिंग चार बोटे फिरवूनही पुढची चाके जागची हलत नाहीत. कारखान्याची उचल टोळीला वाटून झाली होती, हात रिकामा होता. हंगाम उरकल्यावर पाहू, असेच आमच्या मनात होते.

मिस्त्रीने पुढचा भाग जॅकवर उचलला आणि चाक दोन्ही हातांनी हलवून दाखवले. “किंगपिन झिजलीय, बुशही गेलेत. ग्रीस कधी भरलं होतं, भाऊ?” आम्ही निरुत्तर झालो. ग्रीस सुकले की धूळ आत शिरते, धूळ पोलाद घासते, फट पडते. मग प्रत्येक खड्डा त्या फटीवर घणासारखा आदळतो. झीज अशी स्वतःलाच पोसत जाते. नवी पिन, नवे बुश आणि टाय रॉडचे एंड बसवण्यात दीड दिवस गेला.

चालवणाऱ्याला ही झीज जाणवत नाही. हात रोज थोडे अधिक फिरायला शिकतात. मागे ट्रॉलीत मात्र भांडीकुंडी, शेरडे आणि निजलेली पोरे असतात. त्यांच्या हाती कसलेच चाक नसते.

आजही कुणी ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणाले, की ती चार बोटांची फट आम्हांस आठवते.