तुंबलेला बोका

बोका वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, कुंथतोय, पण थेंबही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, बद्धकोष्ठ असेल, एरंडेल पाजा. (काकूंकडे प्रत्येक दुखण्यावर एरंडेलच असतं.) पण बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद. त्यात खडा किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम साचतं, हृदयाचे ठोके बिघडतात. २४ ते ४८ तासांत जिवावर बेतू शकतं. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे ते ओरडेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. कुत्रा जरासा लंगडला तर सकाळपर्यंत थांबेन. पण पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, तोंड उघडून धापा टाकणारं मांजर आणि हा असा बोका, यांना रविवार नसतो. बोक्याला टोपलीत घातलं, रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने टोपली बघून जादा भाडं मागितलं. दिलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच कॅथेटर मागवला.