हकनाक

आमच्या चांदूर बाजारात संत्र्याची फळगळ झाली, की झाडाखाली पिवळा सडा पडतो आणि बघणारा म्हणतो, 'वाया गेलं.' पोरगा परीक्षेत राहिला, तोही वाया गेला. या शब्दाची आम्हाला सवय आहे. आम्ही भावंडं अडलो ती दुसऱ्याच शब्दावर.

थोरल्या भाईजानना जाऊन बारा वर्षं झाली. मे महिना होता. विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून डिझेल इंजिन आत, टप्प्यावर उतरवलं होतं. गाळ काढायला उतरलेला मजूर आवाज देईना, तेव्हा भाईजान दोर धरून खाली गेले. इंजिनाचा धूर आत कोंडला होता. दोघांनाही वर काढलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'दोघांचा हकनाक बळी'.

अम्मींना उर्दू येते, मराठी वाचता येत नाही. आम्ही बातमी वाचून दाखवली. त्यांनी या शब्दाचा अर्थ विचारला. आम्ही म्हणालो, फुकट, कारण नसताना. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वो मजदूर हमारे खेत में उतरा था. उस का हक था मेरे बेटे पर. फिर ये नाहक कैसे हुआ?"

तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हतं. पुढे शब्दकोश उघडला. अरबीत हक म्हणजे सत्य, आणि दुसऱ्याचं आपल्याकडे असलेलं देणंही. फारसीचा 'ना' लागून 'नाहक' झाला, म्हणजे अन्यायाने, आणि मग विनाकारण. मराठीने 'हक-नाहक' अशी जोडीच उचलली आणि बोलता बोलता घासून तिचं 'हकनाक' केलं. हकच्या विरुद्ध अरबी शब्द बातिल. खोटं आणि फोल, दोन्ही त्यात येतं. म्हणजे 'हकनाक' लिहिणारा दोन आरोप करतो. मरण फुकट गेलं हा एक, कुणाचा तरी हक मारला गेला हा दुसरा. बातमीदाराच्या मनात एवढं नसावं.

लेखक मंडळी या शब्दांशी कशी वागतात हे आम्ही तेव्हापासून बघत आलो. आपल्याच अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठीत रुजवलेली गझल घ्या. उर्दूतून आलेल्या या घराण्यात नाकामी ही लाज नसते, आशिकाचा तो मानच असतो. मुशायऱ्यात ते ऐकायला छान वाटतं, विहिरीच्या काठावर नाही. आम्हाला जवळची वाटली ती उद्धव शेळक्यांची १९६०ची 'धग'. तिच्यातली माणसं आमच्यासारखी वऱ्हाडी बोलतात. कौतिक राब राब राबते, नवऱ्याला महारोग होतो, संसार खचतच जातो. पण तिचे कष्ट व्यर्थ गेले असा शिक्का लेखक मारत नाही. ते ठरवणं वाचणाऱ्यावर सोडतो. बातमीला तेवढी सवड नसते, हेही खरं.

अम्मींचं म्हणणं भाईजानपुरतं आम्हाला पटलं. मजुराचं काय? इंजिन वर ठेवायला हवं होतं. निदान ते बंद करून, विहिरीत हवा खेळू देऊन मगच माणूस उतरवायचा. जुनी माणसं आधी पेटता कंदील सोडत, पण इंजिनाच्या विषारी धुराचा पत्ता कंदिलालाही लागत नाही. सुरक्षित उतरून सुरक्षित वर येणं हा त्या माणसाचा हक होता, आणि तो आमच्याच घराने बुडवला. त्याच्या बाबतीत पेपराने अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं. दोघांना एकच शब्द लावला, एवढीच चूक.

हे अम्मींसमोर बोलायला आम्हाला चार वर्षं लागली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दर वर्षी संत्र्याचे पैसे हाती आले, की त्यातला एक हिस्सा मजुराच्या घरी जातो. मागच्या खेपेला पाकिटावर धाकट्याने 'मदत' असं लिहिलं. अम्मींनी काय लिहिलंय ते विचारलं, आणि पाकीट बदलायला लावलं.