क्लचवरचा पाय

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना जो घाट लागतो, त्याच्या मध्यावर गेल्या श्रावणात आमची मोटार थांबली. बंद पडली असे मी म्हणत नाही. बंद पडली असती तर पेट्रोलवर, बॅटरीवर, निदान दैवावर तरी ठपका ठेवता आला असता. इंजिन चांगले गर्जत होते, गिअर टाकलेला होता, आणि मोटार मात्र पुढे सरकायला तयार नव्हती. उलट मी हातब्रेक ओढीपर्यंत वीतभर मागेच आली. मग तो वास आला. जळक्या सुतळीसारखा, उग्र, नाकात चिकटून राहणारा. मागच्या बाकावरून सौ. म्हणाली, "अण्णा असते तर आत्ता काय म्हणाले असते, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. १९९८ साली याच घाटात, याच मोटारीत, याच वासाला अण्णांनी मला सुनावले होते, "एक तर दाब, नाही तर सोड. मधे लोंबकळू नकोस!"

मोटार प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० बांधीत असे. तिच्याच वंशातल्या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. त्या काळी मोटार विकत घेत नसत, तिच्यासाठी नाव नोंदवीत. अण्णांनी नाव नोंदवले तेव्हा मी बालवाडीत होतो. गाडी दारात आली तेव्हा दुसरीत. पाटबंधारे खात्यातल्या ओव्हरसिअरने कर्ज काढून घेतलेली गाडी. तिच्यावर धूळ बसली तरी अण्णांना ती स्वतःच्या अंगावर बसल्यासारखी वाटे.

त्या गाडीवर माझ्यासारख्याने शिकावे, हे अण्णांना मनातून रुचले नसणार अशी माझी समजूत होती. मी मॅट्रिक झालो आणि पुढे शिकणार नाही असे जाहीर केले. चित्रकलेची पदविका घेतली, पण ब्रश धुणे हे शिक्षण आहे असे अण्णा मानीत नसत. त्यांना घरात इंजिनिअर हवा होता. तो मान पुढे धाकट्या भावाने मिळवला आणि तो पुण्याला गेला. मी चित्रकलेचा मास्तर झालो, दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एक अण्णांनी वाचली आणि "छपाई स्वच्छ आहे" एवढा अभिप्राय दिला. २०१३ साली ते गेले. गाडी माझ्याकडे राहिली.

भावाचे म्हणणे असे, की ती भंगारात द्यावी. त्याचे म्हणणे नेहमीप्रमाणे बिनतोड होते. २०२२ साली सरकारने जुन्या मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर नेले. दर पाच वर्षांनी ते भरायचे, वर तपासणी, वर दुरुस्ती. मी 'हो' म्हणत नव्हतो आणि 'नाही'ही म्हणत नव्हतो. 'बघू' म्हणत होतो.

टेम्पोला दोर बांधून गाडी जाफर गेटजवळच्या मिस्त्रींकडे आणली. साठी ओलांडलेला हा गृहस्थ पद्मिनीला 'फियाट'च म्हणतो. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण त्यांच्या दुकानाच्या पाटीला अजून नवा रंग लागलेला नाही. गाडी ठोकळ्यांवर चढली. गिअरबॉक्सचे तेल काढले, चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवला, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला. कारण गिअरबॉक्स काढली की इंजिनाची मागची बाजू अधांतरी होते. दोघा पोऱ्यांनी ती पेटी छातीवर तोलून खाली घेतली. आतली काळी भुकटी पोऱ्या फुंकणार तोच मिस्त्रींनी त्याच्या पाठीत हलकी चापटी मारली आणि ओले फडके पुढे केले. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात जाऊन बसते. हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितले नसावे.

क्लच म्हणजे काय, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांनी दिसले. कुंभार काठीने चाक फिरवतो आणि काठी बाजूला ठेवतो. चाक आपल्या वजनावर फिरत राहते. इंजिनाच्या शेपटाला असेच एक जड लोखंडी चाक असते, ते फ्लायव्हील. सिलिंडरच्या चार फेऱ्यांतली एकच कामाची, बाकीच्या तीन नुसत्या श्वासोच्छ्वासाच्या. पण कामाच्या फेरीचा जोर हे चाक पोटात साठवते आणि मधल्या रिकाम्या वेळी परत देते. त्याच्या तोंडावर क्लचची प्लेट दाबून बसली, की इंजिनाचे फिरणे चाकांपर्यंत पोचते. पायाने पेडल दाबले की दोघांची फारकत. पूर्ण चिकटलेली प्लेट झिजत नाही, पूर्ण सुटलेलीही झिजत नाही. घासते ती मधल्या अवस्थेत.

प्लेट बाहेर आली. तिचे रिव्हेट उघडे पडले होते. मिस्त्रींनी फ्लायव्हीलवर फडके फिरवले. चकचकीत पृष्ठावर निळेजांभळे डाग, आणि त्यांत केसाएवढ्या चिरा. माझ्यातल्या चित्रकाराला तो रंग फार आवडला, हे कबूल केले पाहिजे.

"पाँव किसका रहता था इस पे?" मिस्त्रींनी विचारले.

"वडिलांची गाडी," मी म्हणालो. उत्तर खोटे नव्हते. प्रश्नाचे मात्र नव्हते.

मिस्त्रींनी काही न बोलता पट्टी लावून जाडी पाहिली. म्हणाले, "मास्टर, हे एकदा लेथवर चढलंय. आधी पण जळलं होतं, तेव्हा फेस मारलाय. आता पुन्हा तासलं तर पातळ होईल. दुसरं बघावं लागेल."

एकदा चढले आहे? अण्णांनी क्लच बदलल्याचे मला कधी कळले नव्हते. घरी येऊन त्यांच्या हिशेबवह्या काढल्या. लाल कापडी बांधणी, दर वर्षाला एक. 'वाहन' या सदरात पेट्रोल, टायर, विमा, एक पंक्चरसुद्धा सुटलेले नाही. क्लच कुठेच नाही. मिस्त्री चुकले असावेत, असे वाटून बरेही वाटले. मग १९९९ ची वही सहज चाळताना 'शिक्षण' हे पान उघडले. भावाची कॉलेजची फी, भावाची पुस्तके, भावाचा ड्रॉइंगबोर्ड. खाली अण्णांच्या टोकदार अक्षरात: 'क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील फेसिंग, मजुरी – रु. १,८६०.' आणि पुढे माझे नाव.

वही घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिलो. सौ. चहा ठेवून गेली, तो निवला.

त्या रात्री भावाला फोन केला. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "विकणार नाही. नोंदणीचे पैसे मी भरतो."

"दादा, नक्की?"

"नक्की."

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग ब्रेकही बघून घे." इंजिनिअर तो इंजिनिअरच.

फ्लायव्हील कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अशाच एखाद्या टॅक्सीच्या पोटातले ते असावे, असे मिस्त्री म्हणाले. फ्लायव्हील बसवून त्यांनी एका जुन्या गिअरबॉक्सचा तोडलेला दांडा प्लेटच्या भोकात घातला आणि प्लेट मध्यावर आणली. ती केसभर जरी सरकली तरी गिअरबॉक्स आत शिरत नाही. बोल्ट आवळताना एक इकडचा, एक समोरचा, असे थोडेथोडे, पुन्हा पुन्हा. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलत नव्हते.

गाडी घेऊन मी एकटाच घाटात गेलो. चढावर मुद्दाम थांबलो, हातब्रेक ओढला. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. पेडल आता पूर्वीपेक्षा वेगळ्याच उंचीवर धरत होते. पायाला जागा सापडेना. पहिल्या खेपेला इंजिन बंद पडले. ट्रकवाल्याने माझ्या पूर्वजांचा उल्लेख केला. दुसऱ्या खेपेला गाडी निघाली. थोडा हिसका बसला, वास आला नाही.

जुने फ्लायव्हील मिस्त्री वजनावर घेणार होते, मी ते शाळेत नेले. इंटरमिजिएटच्या मुलांना स्थिरचित्रासाठी ते टेबलावर तिरके ठेवतो. लंबवर्तुळ बहुतेकांचे चुकते, आणि कडेचे दाते मोजायचा कंटाळा करून मुले ते अंदाजाने काढतात. निळे डाग मात्र सगळ्यांनी मन लावून रंगवले आहेत.